मत मांडणाऱ्याला कायदा काय सांगतो?

चित्रपट कसा वाटला, पर्यटनस्थळी कोणता अनुभव आला, सरकारचा निर्णय पटला की नाही, हे पूर्वी घराच्या ओसरीवर, लोकलच्या डब्यात किंवा कट्ट्यावर बोलले जाई आणि तेथेच विरून जाई. महाजालावर उमटलेले मत मात्र विरत नाही. ते लेखी असते, त्याला तारीख असते आणि ज्याच्यासाठी लिहिले नाही, अशा माणसापर्यंतही ते पोहोचते. त्यामुळे भारतीय कायद्यात अशा मताला संरक्षण कोठवर आहे, हा प्रश्न आता प्रत्येक सामान्य नागरिकाचा झाला आहे.

या प्रश्नाचे मूळ राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात आहे. त्याचा पहिला भाग नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो. दुसरा भाग या स्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात, ते सांगतो. ही कारणे आठच आहेत : देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. या यादीत ‘कोणाला तरी वाईट वाटणे’ हे कारण नाही. पुढचा सारा वाद याच एका मुद्द्याभोवती फिरला.

कलम ६६-अ चा उदय आणि अस्त

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये झाला. डिसेंबर २००८ मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली आणि कलम ६६-अ समाविष्ट झाले. २७ ऑक्टोबर २००९ पासून ते अमलात आले. संगणक किंवा दूरध्वनीद्वारे अत्यंत आक्षेपार्ह मजकूर पाठवणे, तसेच खोटी माहिती मुद्दाम पाठवून त्रास अथवा गैरसोय निर्माण करणे, हा त्यानुसार तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरला. ‘आक्षेपार्ह’ कशाला म्हणायचे, याची व्याख्या मात्र कायद्यात नव्हती. ती करण्याचे काम तक्रारदाराच्या मर्जीवर आणि ठाण्यातील अधिकाऱ्याच्या समजुतीवर सोपवले गेले.

त्याचा परिणाम २०१२ मध्ये दिसला. एप्रिलमध्ये जादवपूर विद्यापीठातील प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यावरील एक व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटाचा संदर्भ घेऊन केलेला तो राजकीय विनोद होता. या प्रकरणातून त्यांची सुटका होण्यास जानेवारी २०२३ उजाडावा लागला. एका विनोदाची किंमत जवळजवळ अकरा वर्षांची कोर्टकचेरी!

त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. त्यानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर नापसंती व्यक्त केली आणि तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली. एकीच्या नातलगाच्या रुग्णालयाची तोडफोडही झाली. देशभर संताप उसळल्यावर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे हे प्रकरण बंद करण्यात आले. पण ‘लाइक’ करणेही गुन्हा ठरू शकते, ही भीती घरोघर पोहोचली होती.

याच घटनेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. न्यायालयाने अभिव्यक्तीच्या तीन पायऱ्या सांगितल्या : चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या विषयाची चर्चा किंवा एखाद्या भूमिकेचा पुरस्कार, मग तो कितीही अप्रिय असो, घटनेच्या संरक्षणात येतो. मजकूर चिथावणीच्या पायरीवर पोहोचला, तरच निर्बंधाचा प्रश्न उद्भवतो.

निकालानंतरही काही राज्यांत या मृत कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच होते. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल धक्का बसल्याचे बोलून दाखवले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अशा खटल्यांना पूर्णविराम देण्याचे आदेश दिले. कायदा पुस्तकातून पुसला, तरी ठाण्याच्या सवयीतून लगेच पुसला जात नाही, हेच यातून दिसले.

चित्रपट, प्रवास आणि बदनामी

चित्रपट, नाटक, पुस्तक यांविषयीच्या मताला बदनामीच्या कायद्यातच मोठी मोकळीक आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आली आहे. जी कलाकृती कर्त्याने स्वतःहून लोकांच्या न्यायासनासमोर ठेवली, तिच्या गुणदोषांवर सद्भावनेने व्यक्त केलेले मत म्हणजे बदनामी नव्हे, असा अपवाद त्यात आहे. कर्त्याविषयीचे मतही कलाकृतीतून जेवढे दिसते तेवढ्यापुरतेच असावे लागते. अभिनय बेगडी होता असे म्हणणे ही समीक्षा झाली. नट खासगी आयुष्यात लबाड आहे असे म्हणणे हा आरोप झाला.

प्रवासातील अनुभवाला दुसरे अपवाद लागू पडतात. लोकहितासाठी सांगितलेले सत्य आणि इतरांच्या भल्यासाठी सद्भावनेने दिलेला सावधगिरीचा इशारा ही बदनामी ठरत नाही. म्हणूनच ‘खोलीत पाणी गळत होते’ असे दिनांक व छायाचित्रासह लिहिणारा प्रवासी, ‘मालक चोर आहे’ असे लिहिणाऱ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. पहिले सिद्ध करता येते. दुसरे सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावरच येतो. मोबदला किंवा फुकट मुक्काम घेऊन हॉटेलची स्तुती करणाऱ्याने तो संबंध उघड करावा, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाची जानेवारी २०२३ मधील मार्गदर्शिका सांगते.

बदनामी हा फौजदारी गुन्हा असणे घटनेला धरून आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये दिला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र हा अदखलपात्र गुन्हा असल्याने पोलीस थेट अटक करू शकत नाहीत.

राजकीय मत आणि ‘खंबीर मना’ची कसोटी

राजकीय मताची वाट अधिक बिकट आहे. गटागटांत वैमनस्य वाढवणे किंवा धार्मिक भावना दुखावणे ही कलमे दखलपात्र असल्याने तक्रार होताच पोलीस हालचाल करू शकतात. येथे कामी येते ती नागपुरात घडलेली कसोटी. नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९४६ मध्ये म्हटले, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर व धैर्यवान माणसाच्या दृष्टीने मोजावा. प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या नव्हे. १९८८ मध्ये ‘तमस’ मालिकेवर बंदीची मागणी फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीचा आधार घेतला.

मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकाच्या प्रकरणात ती पुन्हा लागू झाली. त्यांनी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर अनुच्छेद ३७० बाबतच्या निर्णयाचा दिवस ‘काळा दिवस’ म्हटला होता आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयात दिलासा न मिळाल्याने ते सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा नागरिकाला हक्क आहे, असे सांगून न्यायालयाने गुन्हा रद्द केला आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयी पोलिसांचेच प्रबोधन करण्याची वेळ आल्याची टिप्पणी केली.

मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरील गुन्हा रद्द करताना न्यायालयाने एक व्यावहारिक उपायही दाखवला. तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या, शब्दांशी निगडित अशा गुन्ह्यांत पोलिसांनी वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करून मगच गुन्हा नोंदवणे उचित होय, असे न्यायालयाने म्हटले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ही सोय आहे.

तिचे महत्त्व मोठे आहे. वरील बहुतेक प्रकरणांत नागरिक अखेर सुटला. पण अटक, वकील, तारखा आणि नोकरीची चिंता ही शिक्षा त्याने आधीच भोगलेली होती. निर्णय न्यायालयात लागतो, हक्काची खरी परीक्षा मात्र पोलीस ठाण्याच्या पायरीवर होते. मत मांडणाऱ्याने मत आणि आरोप यांतील अंतर ओळखावे, हे खरेच. परंतु टीका आणि चिथावणी यांतील अंतर तक्रार नोंदवून घेणाऱ्याने ओळखल्याखेरीज एकोणिसाव्या अनुच्छेदाचे आश्वासन पुरे होत नाही.