भाता शाबूत, वाट अरुंद

दम लागतो म्हटलं की आपल्याकडे उत्तरं तयार असतात. दमा असेल. वजन वाढलंय. रक्त कमी असेल. वय झालं आता. पल्मनरी हायपरटेन्शनच्या कित्येक रुग्णांची दोन-दोन वर्षं या चार उत्तरांतच निघून जातात. स्टेथोस्कोप लावला तर फुप्फुसं स्वच्छ वाजतात, नळीत फुंकण्याची तपासणीही बरेचदा जवळपास नीट येते. तरीही दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बोलायला श्वास उरत नाही.

हाही रक्तदाबच, पण दंडाला पट्टा बांधून मोजतात तो नव्हे. हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या रोहिणीतला हा दाब. निरोगी माणूस स्वस्थ असताना तो सरासरी १४ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. आजाराची रेषा पूर्वी २५ वर होती. २०१८ साली फ्रान्समधल्या नीस इथल्या जागतिक परिषदेत तज्ज्ञांनी ती २० वर आणली.

खरी परीक्षा मात्र चालताना होते. बसल्या जागी फुप्फुसांतून मिनिटाला पाचेक लिटर रक्त जातं. भरपूर श्रम केले की पंधरा-वीस लिटर. निरोगी फुप्फुस हा लोंढा सहज सामावून घेतं: मिटून बसलेल्या केशवाहिन्या उघडतात, उघड्या असतात त्या फुगतात. आजारात वाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या, काही तर बुजलेल्या. उजव्या कप्प्याची भिंत मुळात पातळ. एवढ्या विरोधापुढे ती थकते. पायांच्या स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, लॅक्टिक आम्ल लवकर साचू लागतं आणि ते श्वासाला आणखी पळवतं.

पण श्वास फुलण्याचं आणखी एक मोठं कारण आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. फुप्फुसाच्या काही भागांत हवा पोचते, रक्त पोचत नाही. तिथे घेतलेला श्वास वाया जातो. निरोगी माणसाला एक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला साधारण २५ ते ३० लिटर हवा हलवावी लागते. आजार बळावलेल्या माणसाला त्याच कामासाठी ४५-५० लिटर, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे आपल्याबरोबर तेवढीच पावलं टाकणारी ही व्यक्ती श्वासाचं जवळपास दुप्पट काम करत असते. तिला ‘जरा हळू श्वास घे’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

कॅलिफोर्नियातल्या हार्बर-यूसीएलए रुग्णालयात कार्लमन वासरमन यांच्या गटाने रुग्णांना सायकलवर बसवून, तोंडाशी नळी लावून, त्यांचा प्रत्येक श्वास मोजला. निरोगी माणसाने हलका व्यायाम सुरू केला की उच्छ्वासाच्या शेवटी येणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो. या रुग्णांत तो उलट घसरतो. काहींच्या बाबतीत तर मध्येच अचानक पडतो आणि त्याच क्षणी श्वास उसळतो. त्याचं कारण असं: आपण गर्भात असताना हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेसारखी फट असते. सुमारे चारातल्या एका माणसात ती पुरती बुजत नाही. उजवीकडचा दाब वाढला की ती ढकलून उघडली जाते आणि अशुद्ध रक्त फुप्फुसांना वळसा घालून थेट डावीकडे शिरतं. श्वासाच्या आलेखावर हे दिसतं, ही मला या शास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी सोपी, सगळीकडे करता येते. पण ती किती अंतर कापलं ते सांगते, का थांबलात ते सांगत नाही.

मग व्यायाम बंद करायचा का? पूर्वी तसंच सांगत. २००६ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी, आधीच औषधं चालू असलेल्या ३० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना पंधरा आठवडे देखरेखीखाली बेताचा व्यायाम आणि श्वसनाचा सराव दिला, पहिले तीन आठवडे रुग्णालयातच. शेवटी सहा मिनिटांच्या चालीत दोन गटांत शंभर मीटरहून अधिक फरक पडला. मात्र हे स्वतःच्या मनाने करायचं काम नव्हे. श्रम करताना भोवळ आली किंवा शुद्ध हरपली, तर तो धोक्याचा इशारा आहे.

जिना चढताना दम लागतो आणि दम्याची तपासणी नीट येते, तर तिथे थांबू नका. इको करून घ्या आणि डॉक्टरांना हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब विचारा. तो वाढलेला दिसला, तर खात्रीचा आकडा हृदयात बारीक नळी घालूनच मिळतो.