इंजिन ओरडतंय, पण जेट स्की पळत नाही

तारकर्ली असो, नागाव असो की कळंगुट, जेट स्कीवाल्यांची एक तक्रार ठरलेली: ‘रेस चढते, पण स्पीड येत नाही.’ मग प्लग बदलले जातात, पेट्रोलमध्ये पाणी मिसळलंय का ते बघितलं जातं. पण इंजिन दणकून फिरतंय म्हणजे बहुधा ते ठणठणीतच असतं. बघायचं ते मागे, पंपात.

जेट स्कीला बाहेर पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत येतं, आतला पंखा, म्हणजे इम्पेलर, ते मागे रेटतो आणि नोझलच्या अरुंद तोंडातून ते जोरात बाहेर पडतं. त्याच्या प्रतिक्रियेने गाडी पुढे जाते. इम्पेलरची पाती आणि भोवतीची वेअर रिंग यांच्यात मिलिमीटरहूनही कमी फट असते. उथळ पाण्यात रेस दिली की वाळू, शिंपले आत खेचले जातात, रिंगवर चरे पडतात, फट वाढते आणि रेटलेलं पाणी तिथूनच उलटं परततं.

पातं वाकलं किंवा जाळीत पिशवी अडकली, तर प्रकार आणखी गमतीचा. पाणी १०० अंशांना उकळतं ते हवेच्या नेहमीच्या दाबाखाली. दाब त्याच्या साधारण चोविसाव्या हिश्शावर आला, तर ३० अंशांचं पाणीही उकळतं. पात्याच्या एका अंगाला दाब इतका घसरू शकतो. मग वाफेचे बुडबुडे होतात आणि पात्याला रेटायला पुरेसं पाणीच मिळत नाही. जास्त दाबाच्या जागी पोचताच हे बुडबुडे इतक्या जोरात मिटतात की धातूचे कण उडतात. असा इम्पेलर काढून बघा, पात्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतील.

या बुडबुड्यांनी अभियंता चार्ल्स पार्सन्सलाही छळलं होतं. १८९४ साली त्याची ‘टर्बिनिया’ ही टर्बाइनवर चालणारी बोट एका पंख्यावर २० नॉटसुद्धा गाठेना. त्याने काचेच्या खिडकीच्या टाकीत पंखा फिरवून बुडबुडे डोळ्यांनी पाहिले, मग तीन शाफ्टवर नऊ पंखे बसवले. १८९७ मध्ये तीच बोट ३४ नॉटच्या घरात पळाली. इंजिन बिचारं पहिल्यापासून निर्दोष होतं!

तर पंप तपासा, पण जाळीत हात घालण्याआधी इंजिन बंद करून मनगटाला बांधलेली सुरक्षा दोरी स्विचमधून काढाच.

‘हँडल वळवलं, पण गाडी वळली नाही,’ हा मात्र बिघाड नव्हे. वळवतो तो नोझलमधला झोत. घाबरून थ्रॉटल सोडला की झोत मंदावतो आणि गाडी सरळ पुढे जाऊन आदळते. नव्या गाड्यांत यावर थोडी सोय असते, पण तिच्या भरवशावर राहू नये.

समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुणं आलंच. एका लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. इंजिनाला नळी जोडून आतून धुताना आधी इंजिन सुरू करायचं, मग नळ. थांबताना आधी नळ बंद, मग इंजिन. उलटं केलं, तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरू शकतं, आणि पाणी दाबलं जात नसल्याने पिस्टनचा दांडाच वाकतो.