काम संपले, तरी जोडणी तुटेना!

घरातील राउटर किंवा इमारतीतील सुरक्षा कॅमेरा काही दिवस सुरळीत चालतो आणि अचानक प्रतिसाद देईनासा होतो. वीज बंद करून पुन्हा सुरू केली, की तो ‘बरा’ होतो. मूळ दुखणे मात्र तसेच राहते. अशा अनेक उपकरणांत लिनक्स ही संगणकप्रणाली आणि ‘सी’ भाषेतील प्रोग्राम असतात. काम संपूनही न मिटलेल्या नेटवर्क जोडण्या, म्हणजेच ‘सॉकेट’, हे या दुखण्याचे एक कारण असू शकते.

इंटरनेटवरील बरेचसे संभाषण ‘टीसीपी’ या नियमावलीनुसार चालते. तिचा १९८१ मधील मसुदा २०२२ मध्ये सुधारून नव्याने प्रसिद्ध झाला. तीनुसार दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे निरोप घ्यावा लागतो. समोरच्याने निरोप घेतला, पण आपल्या प्रोग्रामने ‘क्लोज’ ही आज्ञा दिलीच नाही, तर जोडणी ‘क्लोज वेट’ अवस्थेत अडकते. या अवस्थेला कालमर्यादा नाही. लिनक्समध्ये एका प्रोसेसला एका वेळी सहसा १०२४ फाइल व सॉकेट उघडता येतात. हा कोटा संपला, की नव्या जोडणीला जागा उरत नाही.

‘टाइम वेट’ ही अवस्था मात्र दोष नव्हे. वाटेत रेंगाळलेली पाकिटे नव्या संभाषणात मिसळू नयेत, म्हणून आधी निरोप घेणारी बाजू लिनक्समध्ये ६० सेकंद थांबते. या काळात प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यास ‘पत्ता वापरात आहे’ अशी तक्रार येऊ शकते. त्यावर ‘रियूज अॅड्रेस’ हा पर्याय उपयोगी पडतो.

समोरच्या यंत्राची वीजच गेली, तर निरोपाचा संदेशही येत नाही. त्यासाठी ‘कीप अलाइव्ह’ची सोय आहे, पण प्रोग्रामने ती स्वतः सुरू करावी लागते. शिवाय मूळ मांडणीत पहिली चौकशी २ तासांनी होते आणि ७५ सेकंदांच्या अंतराने ९ चौकशा अनुत्तरित राहिल्यावरच जोडणी मृत ठरते. हा अवधी कमी करता येतो.

निदानाची सुरुवात ‘नेटस्टॅट’ या आज्ञेने करावी. ‘क्लोज वेट’ची संख्या वाढतच असेल, तर चूक प्रोग्राममध्येच शोधावी. वाचन करताना शून्य उत्तर आले, म्हणजे समोरचा निघून गेला, याकडे दुर्लक्ष झालेले असते. किंवा त्रुटी आढळताच फंक्शनमधून बाहेर पडताना ‘क्लोज’ राहून गेलेले असते. मूळ प्रोसेसने सॉकेट बंद केले, तरी तिने जन्माला घातलेल्या प्रोसेसकडे त्याची प्रत उरली असल्यास जोडणी जिवंतच राहते.

उपकरण घरात असेल, तर वीज बंद-चालू करता येते. डोंगरावरील टॉवरवर असेल, तर तिथवर जावे लागते. एका विसरलेल्या आज्ञेची ही किंमत आहे.