सिंह दिसला नाही त्या दिवशी

‘मावशी, आज नऊ तासांत एकसुद्धा सिंह दिसला नाही. पण काय मजा आली म्हणून सांगू!’

रात्रीचा एक वाजला होता. दक्षिण आफ्रिकेचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं, त्यामुळं तिथली साडेनऊची गप्पांची वेळ म्हणजे इथं माझी गाढ झोप. पण भाचीचा आवाज असा काही फुलला होता, की उठून स्वयंपाकघरात गेले, चहाचं आधण ठेवलं आणि ऐकत बसले.

ती पुण्यात प्राणिशास्त्र शिकते. गेल्या जून महिन्यात वर्गातल्या मुलामुलींबरोबर क्रुगर राष्ट्रीय उद्यानात अभ्यासदौऱ्यावर गेली होती. जाण्याआधी घरात रामायण झालंच. आमच्या दाजींचं म्हणणं सरळ होतं, ‘सिंह बघायला एवढे पैसे? ताडोबाला जा, वाघ बघ, चार दिवसांत परत ये.’ नातेवाइकांनी ‘मुलगी एवढ्या लांब’चा सूर लावला तो वेगळाच. शेवटी ताईनं कपाटातून स्वतःच्या दोन पाटल्या काढल्या. ‘लग्नात तिलाच द्यायच्या होत्या, आत्ता दिल्या,’ एवढंच म्हणाली. त्यावर कुणी काही बोललं नाही.

तर क्रुगर. दक्षिणोत्तर साधारण साडेतीनशे किलोमीटर लांब, आणि क्षेत्रफळ जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटर. आपला अख्खा पुणे जिल्हा आत मावून वर जागा उरेल! त्यातला काही भाग 1898 साली राखीव झाला आणि 1926 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. आपल्याकडे पावसाची वाट बघायची वेळ, तेव्हा तिथं कोरडा हिवाळा असतो. गवत वाळून आखूड होतं, डबकी आटतात, आणि सगळी जनावरं उरलेल्या पाण्याकडे येतात. बघणाऱ्यांसाठी हाच हंगाम. मलेरियाच्या गोळ्या, मातकट रंगाचे कपडे आणि दाजींची माकडटोपी अशी तयारी करून बाईसाहेब गेल्या. टोपीला आधी नाक मुरडलं होतं. पहाटे उघड्या गाडीत बसल्यावर तिची किंमत कळली.

नियम कडक. डांबरी रस्त्यावर ताशी पन्नासच्या वर जायचं नाही, ठरलेल्या जागांशिवाय गाडीतून उतरायचं नाही, अंधार पडायच्या आत मुक्कामाच्या कुंपणात परतायचं. पायी जायचं तर बंदूकधारी वाटाड्यांबरोबर, एकामागे एक, तोंडातून शब्द न काढता. आणि काहीही समोर आलं तरी पळायचं नाही. हे शेवटचं ऐकून ताईनं देवापुढं दिवा लावला.

मला वाटलं होतं, रोज वाघ-सिंहांचे फोटो येतील. आलं काय, तर वहीच्या पानांचे फोटो! इंपाला नावाचं हरण तिथं इतकं आहे, की पर्यटक दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे बघतही नाहीत. या मुलांना नेमका त्याचाच कळप दिला. पाणवठ्याजवळ गाडी उभी करायची आणि दर पाच मिनिटांनी लिहायचं, किती चरतायत, किती मान वर करून बघतायत, किती बसलेत. चार तास. पहिल्या तासात हिला झोप आली. दुसऱ्या तासात लक्षात आलं, की कडेला चरणारी हरणं मधल्यांपेक्षा जास्त वेळा मान वर करतात. तिसऱ्या तासात एकदम सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. कुणाला काही दिसलं नाही. वाटाड्या म्हणाला, त्या झुडपात काहीतरी आहे. ते ‘काहीतरी’ बाहेर आलंच नाही. हाच तो सिंह न दिसलेला दिवस.

हत्तींविषयी मात्र ती थांबेचना. कळपाचं नेतृत्व सगळ्यांत थोरल्या हत्तिणीकडे असतं. दुष्काळात पाणी कुठं होतं, हे तिच्या आठवणीत असतं. नर वयात आले की कळपातून बाहेर पडतात आणि मोठ्या नरांच्या संगतीत राहून रीतभात शिकतात. ती संगत नसली तर काय होतं, याची पिलानेसबर्गची हकीकत मुलांना सांगितली गेली. क्रुगरमध्ये 1967 ते 1994 या काळात हत्तींची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांना मारलं जाई. त्यातून वाचलेली पोरकी पिल्लं दुसऱ्या उद्यानांत नेऊन सोडली. पिलानेसबर्गमध्ये ती मोठी झाली, थोरला नर एकही नाही, आणि हे माजलेले तरुण हत्ती गेंड्यांना मारू लागले. चाळीसहून जास्त गेंडे गेले. शेवटी 1998 मध्ये क्रुगरमधूनच सहा पोक्त नर आणून सोडले, आणि पोरं निवळली. (हे मी आमच्या वाड्यातल्या काकांना सांगितलं. तेव्हापासून ते जरा जास्तच ताठ चालतात.)

गेंडा बघितला त्या दिवशी ती फोनवर गप्प होती. गेंड्याला शिंगच नव्हतं. माणसांनीच कापलेलं, त्याचा जीव वाचावा म्हणून. आपली नखं ज्या पदार्थाची, त्याचंच ते शिंग. नीट कापलं तर दुखत नाही, पण वाढतं, म्हणून पुन्हा पुन्हा कापावं लागतं. त्या शिंगासाठी दक्षिण आफ्रिकेत 2007 साली 13 गेंडे मारले गेले होते. 2014 साली 1,215. 2024 मध्ये हा आकडा 420 वर आला, तरी रोज एकापेक्षा जास्तच झाला की.

क्रुगरला लागून असलेल्या बालुले अभयारण्यात 2013 पासून ‘ब्लॅक माम्बा’ नावाचं पथक काम करतं. माम्बा म्हणजे तिथला जहाल विषारी साप. नाव असं, पण पथकात बहुतेक आसपासच्या गावांतल्या तरुण बायका, आणि हातात बंदूक नाही. रोज कुंपणाच्या कडेनं पायी मैलोन्‌मैल जायचं, कुठं तार कापली आहे का, बुटांचे ठसे आहेत का, फास लावलेत का, ते बघायचं. सिंह-हत्तींच्या रानात, बरं का! 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. कितीतरी जणींच्या पगारावर अख्खं घर चालतं. गावातल्या शाळांत जाऊन मुलांनाही शिकवतात. गावातल्या घरांत या रानामुळं चार पैसे आले, तर गाव रान राखेल, असा त्यामागचा विचार.

या बायकांनी काढलेले फास कसे असतात, ते मुलांना दाखवलं. साधी तार, एक सरकगाठ, झाडाला बांधलेलं टोक. बहुतेक वेळा मटणासाठी लावलेला. हरीण सापडावं म्हणून लावतात, अडकतो कोणीही. भाचीनं वहीत तो मोजून-मापून काढला.

परत आल्यावर दाजींनी विचारलं, ‘मग? सिंह दिसला?’ दिसला होता, एकदा, लांबून, झोपलेला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मी तिला आमच्या बचत गटाच्या बैठकीला घेऊन गेले. आमच्या तालुक्यात उसात बिबट्या असतो, त्यामुळं जनावरांची गोष्ट म्हटल्यावर बायका सरसावून बसल्या. तिथल्या मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीला ‘पाप’ म्हणतात, यावर हसून झालं. पाप आणि पालेभाजी खाऊन ही चांगली दोन किलो वाढून आली होती. एकीनं विचारलं, ‘बिबट्या आला तर आम्ही कुठल्या गाडीत बसायचं गं?’ भाचीकडे उत्तर नव्हतं. तसं ती म्हणालीसुद्धा.

मग वही हातोहात फिरली. फासाच्या चित्रापाशी मागच्या रांगेतली एक वहिनी थांबली. बराच वेळ बघत राहिली.

‘ही तर आमच्या बांधावर आहे,’ ती म्हणाली. ‘डुकरांसाठी लावलीये. मका ठेवत नाहीत मेली.’

सगळ्या गप्प झाल्या. मला वाटलं, आता ही पोरगी कायदा सांगणार, तार काढा म्हणणार, आणि ती वहिनी पुढच्या बैठकीला येणार नाही. मी तिला खूण करायला हात उचललाच होता. पण भाची तिच्याजवळ जाऊन मांडी घालून बसली आणि विचारलं, ‘किती मका गेला, काकू? कधी येतात, रात्री की पहाटे?’

वहिनी सांगत गेली, ही लिहीत गेली. चहा दोनदा झाला. दिवेलागण झाली तरी दोघी उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, दाजींची माकडटोपी घालून, ती वहिनीबरोबर बांध बघायला गेली.