सेकंदाला सात लाख

२०२४-२५ या एका आर्थिक वर्षात देशातली जीएसटीची एकूण वसुली होती २२ लाख ८ हजार कोटी रुपये. आकडा वाचून आपण पान उलटतो, कारण डोक्यात काहीच उमटत नाही. तर तो सोलापुरात आणून मोजू. शहराच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बाया ६० हजार धरू. याहून मोठे आकडेही सांगितले जातात. प्रत्येकीने रोज हजार बिड्या वळल्या तर दिवसाच्या सहा कोटी झाल्या. आता एका रुपयाला एक बिडी, असा हिशेब लावा. देशाच्या एका वर्षाच्या जीएसटीइतक्या बिड्या वळायला या बायांना १,००८ वर्षं लागतील. त्यात रविवार नाही, गड्ड्याची जत्रा नाही, बाळंतपण नाही. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांच्याही आधी सूप मांडून बसावं लागलं असतं.

सरकारच्या बाजूने हीच रक्कम सेकंदाला सात लाख रुपये पडते, रात्रंदिवस.

हा वेग लक्षात ठेवून ३१ जानेवारी २०२५ चा दिवस पाहा. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी संसदेत अभिभाषण केलं, जवळपास तासभर. बाहेर पडताना सोनिया गांधी सहानुभूतीच्या सुरात म्हणाल्या, की शेवटी शेवटी त्या बिचाऱ्या फार थकल्या होत्या. झालं! सोनियांनी माफी मागितली पाहिजे म्हणून भाजपने गदारोळ केला, राष्ट्रपती भवनाने त्याच दिवशी निवेदन काढून थकव्याची गोष्टच नाकारली. खरं तर हे भाषण राष्ट्रपती लिहीत नाहीत. ते सरकारचं असतं, मंत्रिमंडळाच्या संमतीने येतं. राष्ट्रपती ते वाचतात. त्यामुळे दमलं कोण यापेक्षा भाषणात काय होतं यावर भांडण व्हायला हवं होतं. भाषण चाललं तेवढ्या वेळात, वरच्या वेगाने, सुमारे २५० कोटी रुपये जीएसटी जमा होतो. त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी अर्थसंकल्प आला. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, आणि त्यापायी सरकार एक लाख कोटींवर पाणी सोडणार. अभिभाषणावरच्या चर्चेला उत्तर देताना पंतप्रधानांनी २०१३-१४ मधली दोन लाखांची मर्यादा आणि आताचे १२ लाख शेजारी शेजारी ठेवले. टाळ्या पडल्या, आणि पडायलाही हव्यात. पगारदार माणूस खरोखर पिचलेला होता. पण सूप घेऊन बसलेल्या बाईला हे १२ लाख किती लांब आहेत? हजार बिड्यांना २५० रुपये मजुरी आणि वर्षात ३०० दिवस काम असं सढळ हाताने धरलं तरी वर्षाचे ७५ हजार होतात. बारा लाख म्हणजे तिची सोळा वर्षांची कमाई. सवलत तिच्या दारावरून जातही नाही. अशीच सवलत आधी कंपन्यांनाही मिळाली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला, तेव्हा सरकारनेच सांगितलेला खड्डा होता १ लाख ४५ हजार कोटींचा. दोन्ही सवलती एकत्र केल्या तर चाळीस दिवसांची जीएसटी वसुली होते.

इथे एक सावधगिरी. जीएसटीचा आकडा १४५ कोटी माणसांत वाटला तर दरडोई १५ हजार, पाच माणसांच्या घराला ७६ हजार येतात. म्हणजे आपण धरलेल्या बिडीवालीच्या सगळ्या कमाईहून जास्त! अर्थात ती एवढा कर भरत नाही. मोटारी, टीव्ही, सिमेंट घेणारे जास्त भरतात. सरासरी अशीच फसवते. खरा प्रश्न प्रमाणाचा आहे. साबणाच्या वडीवर कारखानदार आणि कामगार एकच कर भरतात, आणि तो कुणाच्या कमाईचा किती भाग होतो हे जीएसटी विचारत नाही.

बिडीवर २०१७ पासून २८ टक्के कर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने तो १८ आणि बिडीच्या पानावरचा १८ वरून ५ करायचं ठरवलं. लगेच काँग्रेसच्या केरळ शाखेने बिडी आणि बिहारचा संबंध जोडणारी पोस्ट टाकली, टीका होताच काढली, माफीही मागितली. बिहारची निवडणूक होती ना! सोलापूरच्या बाया त्या भांडणात कुठेच नव्हत्या. तंबाखूवर कर असावाच असं माझं मत आहे. बिडी छाती पोखरते, ओढणाऱ्याची आणि तंबाखूच्या धुळीत वळणारीचीही. म्हणूनच तो पैसा परत कुठे जातो हे विचारायचं.

पूर्वी त्याला पत्ता होता. १९७६ च्या कायद्याने बिडीवर कल्याण उपकर लागला होता, अखेरीस हजार बिड्यांमागे पाच रुपये. त्यातून बिडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलाला मदत मिळे. ३० जून २०१७ च्या मध्यरात्री सेंट्रल हॉलमध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या उपस्थितीत, त्यांच्या भाषणासह, जीएसटी सुरू झाला. काँग्रेसने बहिष्कार घातला होता. त्याच जीएसटीबरोबर हा उपकरही गेला. योजना राहिल्या, पण त्यांचा स्वतःचा पैसा गेला. आता अर्थसंकल्पात जे पदरात पडेल ते.

भाषणाची किंमत सोलापूरने वेगळ्या तऱ्हेनेही पाहिली आहे. कुंभारीतल्या ३० हजार घरांच्या रे नगर वसाहतीची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी केली. वसाहतीसाठी झटलेले माकपचे नेते नरसय्या आडम मास्तर यांनी भाषणात पंतप्रधानांचं कौतुक केलं, म्हणून माकपने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. १९ जानेवारी २०२४ ला पंधरा हजार घरांचा ताबा मिळाला तो कामगारांना. एका घराला सात लाख धरले तर सगळी ३० हजार घरं म्हणजे ८ तास २० मिनिटांचा जीएसटी.

आणि तो बुडालेला उपकर? ६० हजार बाया, रोज हजार बिड्या, ३०० दिवस, हजारामागे पाच रुपये: वर्षाचे नऊ कोटी. सेकंदाला सात लाखांच्या हिशेबाने दोन मिनिटं आणि आठ-नऊ सेकंद. अभिभाषणावरच्या पुढच्या चर्चेत सोलापूरच्या खासदारांनी एवढंच मागावं, की या दोन मिनिटांचा पैसा नावानिशी बाजूला काढा आणि दरवर्षी त्याचा हिशेब सभागृहात ठेवा.