हाड जुळलं, पण मांडी का सुजतेय?

आजी न्हाणीघरात घसरली, खुब्याजवळ हाड मोडलं, रॉड किंवा प्लेट बसवली. हे आता बहुतेक घरांनी पाहिलेलं असतं. नातवंडं पुण्याला नाहीतर बंगळुरूला, आजी-आजोबा बेळगावला किंवा इंदूरला. 'ऑपरेशन छान झालं' असा फोन आला की आपण निश्चिंत होतो. मी डॉक्टर नाही, संगणक अभियंता आहे. पण घरच्यांनी लक्ष ठेवावं अशी एक गोष्ट इथे सांगायची आहे.

मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूने, हाडाच्या जवळूनच, स्नायूंना रक्त पुरवणारी खोल धमनी जाते. ड्रिल पलीकडे जरा जास्त गेलं, स्क्रू लांब पडला किंवा हाडाचा टोकदार तुकडा घुसला, तर तिला छिद्र पडू शकतं. असं क्वचितच होतं, आणि दर वेळी तो हलगर्जीपणाच असतो असं नाही. बाहेर आलेलं रक्त भोवती साठून फुगा तयार होतो. त्याला स्यूडोॲन्युरिझम म्हणतात. तो काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही लक्षात येतो.

फसगत अशी होते की पावलाची नाडी नीट लागते, कारण पावलाकडे जाणारी मुख्य धमनी वेगळी. ऑपरेशननंतर थोडी सूज येणं, हिमोग्लोबिन उतरणं हे नेहमीचंच. पण मांडी फुगतच चालली, ठणका वाढला, रक्त चढवूनही हिमोग्लोबिन पुन्हा घसरलं, तर डॉक्टरांना विचारायलाच हवं. सूज पाहून शिरेत गुठळी झाली असावी असंही वाटू शकतं. गुठळीसाठी रक्त पातळ करणारं औषध वाढवलं, तर हा रक्तस्राव मात्र वाढतो. म्हणून आधी डॉप्लर सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी अँजिओग्राफी. चालू औषध आपल्या मनाने मात्र बंद करू नका.

निदान झालं की उपाय आहेत. जांघेतून बारीक नळी घालून गळणारी फांदी धातूच्या कॉइलने बंद करता येते. मुख्य धमनी दुखावली असेल, तर आतून आच्छादित स्टेंट बसवतात, किंवा उघडून ती शिवतात. कधी दुसऱ्या पायाची शीर घेऊन जोडतात. रक्तवाहिन्या शिवण्याच्या पद्धतीसाठी ॲलेक्सिस कॅरेल यांना १९१२ साली नोबेल मिळालं. तरी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या जखमी धमन्या बहुधा बांधूनच टाकल्या जात, आणि सुमारे ४० टक्के जणांचा हात किंवा पाय कापावा लागे. कोरियाच्या युद्धात धमन्या दुरुस्त करू लागल्यावर हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आलं.

पाऊल थंड किंवा पांढरं पडलं, मुंग्या आल्या, बोटं हलेनाशी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. रक्ताविना स्नायू साधारण ६ तासांत कायमचे बिघडू लागतात.

ऑपरेशनआधी एवढं विचारून ठेवा: इथे व्हॅस्क्युलर सर्जन आहेत का? नसतील, तर गरज पडल्यास कुठे पाठवणार? आणि आजीजवळ थांबणाऱ्याने रोज दोन्ही मांड्या ताडून पाहाव्यात.