अर्जातली गणिते

उन्हाळी गणित शिबिराचा अर्ज हाती आला, की हुशार विद्यार्थी प्रथम गुणपत्रिका शोधतो, मग स्पर्धांची प्रशस्तिपत्रके. अमेरिकेतील ‘रॉस’ आणि ‘प्रॉमिस’ ही दोन शिबिरे गुणपत्रिका मागतात हे खरे. पण निवडीत फार मोठा वाटा असतो तो अर्जासोबत येणाऱ्या काही गणितांचा. ही गणिते बंद खोलीत तीन तासांत सोडवायची नसतात. ती घरी नेऊन, हवे तितके दिवस घोळवत ठेवून सोडवायची असतात. मग यात परीक्षा कसली, असे कोणीही विचारील.

याचे उत्तर शिबिराच्या जन्मकथेत आहे. आर्नल्ड रॉस (१९०६–२००२) हे जन्माने शिकागोचे. बालपण मात्र ओडेसात गेले. नोत्र दाम विद्यापीठात असताना ते शिक्षकांसाठी गणिताचे उन्हाळी वर्ग चालवीत. (म्हणजे मुळात हा उद्योग आपल्यासारख्यांसाठी होता!) १९५७ साली त्यांनी शाळकरी मुलांनाही त्यात घेतले आणि १९६४ पासून हे शिबिर ओहायो राज्य विद्यापीठात भरू लागले. याच शिबिरातून घडलेल्या गणितज्ञांनी पुढे १९८९ साली बॉस्टन विद्यापीठात ‘प्रॉमिस’ सुरू केले. दोन्हीकडे मुक्काम सहा आठवड्यांचा आणि पहिल्या वर्षाचा विषय एकच, संख्या-सिद्धांत. रोज नवा प्रश्नसंच मिळतो. सोबतीला कॉलेजात शिकणारे तरुण मार्गदर्शक असतात, पण ते उत्तर सांगत नाहीत. मुलाने आकडे मांडून पाहावेत, त्यांत काही नियम दिसतो का ते शोधावे, तो सिद्ध करावा. साध्या गोष्टींचा खोलवर विचार करा, हे रॉस यांचे सूत्र होते.

या प्रश्नसंचांत एक विशिष्ट जातीचा प्रश्न असतो: विधान सिद्ध करा, किंवा खोडून काढा, आणि खोडले तर त्यातले वाचवता येईल तेवढे वाचवा. आपल्याकडे पहिल्या दोन भागांची थोडीफार सवय असते. तिसऱ्याची अजिबात नाही. म्हणून एक उदाहरण घेऊ. ते माझे आहे, कोणत्याही अर्जातले नव्हे.

‘सलग तीन पूर्णांकांच्या बेरजेला ३ ने भाग जातो. त्याचप्रमाणे सलग कितीही पूर्णांक घेतले, तरी त्यांच्या बेरजेला त्या संख्यांच्या संख्येने भाग जातो.’

एक विद्यार्थी लिहितो: ‘विधान चूक. १ + २ = ३; ३ ला २ ने भाग जात नाही.’ आपण पैकीच्या पैकी गुण देऊ. वावगे काहीच नाही. पण वाचणाऱ्याला या मुलाविषयी काय कळले? फारसे काही नाही.

आता समजा, नववीतली एक मुलगी इथे थांबत नाही. ती मांडून पाहते. १ पासून तीन संख्या घेतल्या तर बेरीज ६, पाच घेतल्या तर १५, सात घेतल्या तर २८. बाकी दर वेळी शून्य. चार घेतल्या तर १०, बाकी २. सहा घेतल्या तर २१, बाकी ३. आठ घेतल्या तर ३६, बाकी ४. तिला शंका येते, की हा १ पासून सुरुवात केल्याचा परिणाम तर नाही? म्हणून ५ + ६ + ७ + ८ करून पाहते. बेरीज २६, बाकी पुन्हा २. आता तिचा अंदाज असा: विषम संख्येने पद घेतले तर भाग जातो, सम घेतले तर बाकी नेमकी पदांच्या संख्येच्या निम्मी उरते.

विषमाची सिद्धता तिला लगेच सुचते. मधली संख्या धरली, तर तिच्या दोन्ही बाजूंच्या संख्या जोडीजोडीने तेवढ्याच कमी आणि तेवढ्याच जास्त असतात. म्हणून बेरीज = मधली संख्या × पदांची संख्या. समाला मधली संख्याच नाही! इथे ती दोन दिवस अडते. मग पहिली-शेवटची अशा जोड्या लावते. मधल्या दोन संख्या म आणि म + १ असतील, तर प्रत्येक जोडीची बेरीज २म + १. पदे क असतील तर जोड्या क/२. एकूण बेरीज क × म + क/२. बाकी क/२, सुटले!

समजा, ही शेवटची पायरी तिला सुचलीच नसती. तरी तिने ‘एवढे तपासले, असे वाटते, सिद्ध करता आले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले असते, तर तो कागद पहिल्या उत्तरापेक्षा कितीतरी बोलका ठरला असता. अर्धवट उत्तरेही पाठवा, असे ही शिबिरे सांगतात. माझ्या मते तर आधीचा चुकलेला अंदाज आणि तो का सोडला, हेही एका वाक्यात लिहावे.

इथे आपली, शिक्षकांची, जबाबदारी नाजूक होते. आपला विद्यार्थी निवडला जावा या तळमळीने आपण एखादी ‘हिंट’ देतो, उत्तर नीटनेटके करून देतो. हेतू चांगला, पण ते नियमात बसत नाही. इंटरनेटवर शोधणे किंवा संगणकाकडून सोडवून घेणेही बसत नाही. त्याहून मोठे नुकसान पुढे आहे. उसन्या उत्तरांवर आत गेलेल्या मुलाला सहा आठवडे रोज नवा प्रश्नसंच एकट्याने पुढ्यात घ्यायचा असतो, आणि घरापासून इतक्या दूर. तेव्हा अर्जातले प्रश्न त्याच्यावर सोडावेत. आपण त्याआधी वर्षभर दुसऱ्या प्रश्नांवर हवे तेवढे डोके लढवावे.

आपले खरे काम शिफारसपत्रात असते. ‘अत्यंत हुशार, आज्ञाधारक, वर्गात पहिला’ अशी पत्रे शेकड्यांनी येत असणार. त्याऐवजी एक प्रसंग लिहा: कोणत्या प्रश्नावर मूल अडले, किती दिवसांनी परत आले, फळ्यावरची आपली चूक त्याने कशी दाखवली. पत्र चार ओळींचे झाले तरी चालेल.

व्यवहाराचे थोडे. अर्ज हिवाळ्यात निघतात आणि वसंतात बंद होतात, म्हणून दिवाळीनंतर लगेच लक्ष ठेवावे. अमेरिकेतले शुल्क काही हजार डॉलरच्या घरात जाते. गरजूंना आर्थिक मदत मिळू शकते, ती मागण्यात संकोच नको. अलीकडच्या वर्षांत ‘प्रॉमिस’चे भारतीय शिबिर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही भरले आहे; आपल्या मुलांना ते अर्थातच जवळचे. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीत लिहिण्याची धास्ती वाटते. त्यांनी आधी मराठीत पूर्ण सिद्धता लिहावी आणि मग छोट्या, साध्या वाक्यांत ती इंग्रजीत उतरवावी. सिद्धतेला अलंकारिक भाषा लागतच नाही.

सरावासाठी वर्गात हा प्रश्न देऊन पाहा. १५ ही संख्या ७ + ८, ४ + ५ + ६ आणि १ + २ + ३ + ४ + ५ अशी तीन प्रकारे सलग धन पूर्णांकांच्या बेरजेने लिहिता येते. १६ मात्र एकाही प्रकारे येत नाही. (एकच पद चालणार नाही, किमान दोन हवीत.) अशा न येणाऱ्या संख्या कोणत्या, आणि का? मुलांना आठवडाभर द्यावा. उत्तर येथे मुद्दामच दिलेले नाही.